तिरपा फासा

पुस्तक म्हणतं : पडलेला फासा ग्राह्य.
पडलेला म्हणजे काय, ते पुस्तक म्हणत नाही.

डुलुथला, व्हर्ना हॉगनच्या तळघरात,
वॉशिंग मशीन आणि गोठवलेल्या माशांची पेटी
यांच्या मधल्या घडीच्या टेबलावर
अकरा वर्षांपूर्वी वीस बाजूंचा एक फासा
पिझ्झाच्या खोक्याला टेकून थांबला.
इकडून बघितलं तर वीस,
तिकडून दोन.

मेरिल ओस्टबी म्हणाला, वीस.
हाल्वर म्हणाला, टेकलेला म्हणजे पडलेला नव्हे.
हाल्वर खनिजाच्या धक्क्यावर तीस वर्षं
युनियनच्या तक्रारी लढवायचा,
एका स्वल्पविरामावर त्याने चाळीस जणांना
ओव्हरटाइम मिळवून दिला होता.
मेरिलकडे तसलं काही नव्हतं.
त्याच्याकडे हुल्ड्रिक नावाचा एक बुटका होता,
गुहेतल्या पुलावर उभा, आणि समोर राक्षस.

तासभर शब्दांचा कीस.
पान अठ्ठ्याऐंशी, तळटीप, शुद्धिपत्र.
व्हर्नाने चष्मा काढला, पुसला, परत घातला
आणि निवाडा दिलाच नाही.
म्हणाली, पुढच्या गुरुवारी बघू.
मेरिलने कोट चढवला.
जिन्यावर त्याचे बर्फातले बूट वाजले, सात पायऱ्या.
पुढचा गुरुवार आला. तो नाही.

घरच्या नियमांची वही शाळकरी आहे, लिहिणं पेन्सिलीचं.
टेबलाखाली गेलेला फासा मांजराचा, हे कलम चार.
सहावं डेल्फीनसाठी केलेलं, पुढे टोबिनलाही लागू पडलं :
घटस्फोटाच्या आठवड्यात मेलेलं पात्र मेलं असं धरू नये.
नऊ : तिरपा फासा पुन्हा टाकावा.
त्याखाली व्हर्नाच्या अक्षरात,
आजपासून. पूर्वलक्षी प्रभाव नाही.
खोडरबरानं कागद तिथे पातळ झालाय.

आणि अकरा :
जो आला नाही, त्याचं पात्र मागे कंदील धरून उभं राहील.
कंदील धरणारा मरत नाही.
तेल सगळ्यांच्या थैलीतून.

मी चौथ्या वर्षी आले. वही माझ्याकडे आली.
दर गुरुवारी लिहिते : तेल, एक माप.
पूल ओलांडून पलीकडे सुपीरियरला
मेरिलचं टायरचं दुकान आहे.
दोनदा त्याने माझे हिवाळी टायर बसवले,
नट आवळताना शीळ घालतो.
मी पावती घेतली, निघाले.

परवा गुहा कोसळली.
पुस्तक स्पष्ट आहे : आत असलेले सर्व मृत.
सर्व, तिरप्या ठशात.
टोबिन म्हणाला, संपवू या की आता,
किती तेल जाळलं त्याच्यावर, मोजलंय कुणी?
पाचशे बेचाळीस मापं, मी म्हटलं.
कुणी हसलं नाही.

हाल्वरने हात वर केला.
हात आता थरथरतो, फासे तो पेल्यातून टाकतो.
म्हणाला, अकरा वाच. सावकाश.
मी वाचलं.
"आला नाही" आहे ना तिथे?
"येणार नाही" असं नाही ना?
मग झालं. घरचा नियम पुस्तकाच्या वर, हे कलम एक.
मग घसा खाकरून, टेबलाकडे बघत :
शिवाय त्या फाशाचा निवाडा बाकी आहे.
तक्रार प्रलंबित असताना माणूस कमी करता येत नाही.
साधी कार्यपद्धती आहे ही.

तक्रार कुणाविरुद्ध होती,
हे त्यानेही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

व्हर्नाने चष्मा काढला. पुसला नाही.
बरं, म्हणाली. दगड पडतात. धूळ बसते.
फटीतून बोटभर उजेड दिसतो.
पेटीची मोटर घरघरत सुरू झाली
तेव्हा डेल्फीन म्हणाली,
त्याला काय दिसतंय तिथून?
इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

मंगळवारी टायर बदलायचे आहेत.
वही गाडीत ठेवली आहे.
काय बोलायचं, याला पुस्तकात आधार नाही.
तेलाचा हिशोब दाखवीन,
तो शीळ थांबवेल तेव्हा.